जावांच्या ओढ्यातली दांडवण

अहो ताई, थांबा! पायाला ते क्रीम चोपडून पाण्यात उतरू नका. दर चार महिन्यांनी मासे मोजायला येता आणि एवढं कळत नाही? ही बोटाएवढी, अंगावर काळी रेघ असलेली दांडवण खालच्या ओढ्यांत तुम्हाला मिळाली नाही ना? इथं मिळेल. हा जावांचा ओढा. बसा, सांगते.

फार मागे गुरवाच्या घरात दोन सुना होत्या म्हणे, थोरली गोदा आणि धाकटी तानू. चैत्री पुनवेला देवीच्या अंघोळीची पहिली घागर नेण्याचा मान गोदाचा. तानू लग्न होऊन आली आणि सगळं बिनसलं. ती ओढ्यात उभी राहिली की दांडवणी धावत येऊन टाचांना लुचायच्या. गोदा उतरली की पसार! सासूनं ते पाहिलं आणि सांगून टाकलं, "मासा जिच्या पायाशी, घागर तिच्या डोक्यावर."

गोदाच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांचा मान गेला, तोही कालच्या पोरीकडे! मग मासे आपल्याकडे यावेत म्हणून ती रोज रिठ्यानं टाचा घासघासून ओढ्यावर जाऊ लागली. रिठा लावलेल्या पायाजवळ मासा कशाला फिरकतोय? तानूच्या टाचा शेणामातीनं भेगाळलेल्या, म्हणून मासे तिच्याकडे. पण गोदाला वाटे, सटवीनं करणीच केलीय.

शेवटी तिनं गेळाची विषारी फळं ठेचून डोहात कालवली. बघता बघता सगळ्या दांडवणी पोट वर करून तरंगल्या. मासा नाही, मग पाण्याचा भरवसा कसला? त्या पुनवेला घागर भरलीच नाही. देवी पारोशी राहिली. तेव्हा मात्र गोदा हबकली. सासूचे पाय धरून म्हणाली, "पाप माझं आहे. मासा परत येईल तेव्हाच उंबरा ओलांडीन."

डोंगरापलीकडच्या नदीतून ती हंड्यात मासे आणायची. वाटेत मरायचे, ती पुन्हा जायची. अशी चार वर्षं अनवाणी चालली, असं सांगतात. अखेर मूठभर मासे जगले, वाढले. पुनवेला दोघी जावा पाण्यात उतरल्या, तर सगळ्या दांडवणी गोदाच्या फुटलेल्या टाचांना झोंबल्या! तानूकडे एकही नाही. सासूनं घागर गोदाच्या डोक्यावर ठेवली. तिला रडू आवरेना. तानू मात्र त्या दिवसापासून तिच्याशी धड बोलली नाही म्हणे.

आजही पुनवेला आम्ही जावा जोडीनंच उतरतो, मासे पायाशी आल्याशिवाय घागर भरत नाही. आमच्या घरची घागर तीस वर्षं थोरल्या जाऊबाईच नेतात. मासे काय, माझ्याकडेही येतात हो! पण सगळ्यांना त्यांच्याच पायाशी दिसतात. तुम्ही मोजताच आहात, तर यंदा पुनवेला या. त्यांच्याकडे किती आले आणि माझ्याकडे किती, ते नीट मोजा. आणि जरा मोठ्यानं सांगा.