आवडूचा काठ

ही घटना मी पाहिलेली नाही. मला ती सांगणाऱ्या अनुसयाबाई खवणेकर यांनीही पाहिलेली नाही; त्यांच्या आजीनेसुद्धा ती कोणाकडून तरी ऐकलीच होती. पाहता येतो तो फक्त रिवाज. शिरवणे खाडीच्या दक्षिण तीरावर, तिवरांच्या मुळांमधून उतरणाऱ्या पायवाटेशी, गुडघाभर उंचीचा एक काळा दगड आहे. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरून परतणारी प्रत्येक बाई तिथे थांबते, एकेक कुर्ली उलटी करते आणि पोटावरची झडप अंगठ्याने चाचपते. नराची झडप निमुळती असते. मादीची झडप रुंद, अर्धगोल असेल तर ती वयात आलेली, आणि ती टोपलीत राहते. झडप त्रिकोणी असेल तर मादी कोवळी, प्रौढ करणारी कात तिने अजून टाकायची आहे. तिला "वाढ गो बाय" म्हणून पाण्यात सोडतात.

या तीराला आवडूचा काठ म्हणतात.

आवडू ही म्हणे खाडीवरची सर्वांत तरबेज कुर्लीवाली. बिळाच्या तोंडाशी उकरलेला चिखल पाहून आत नर की मादी हे ती सांगे. लग्नाला बारा वर्षे झाली तरी तिला मूल नव्हते. धाकट्या दिराची बायको शेवंती मात्र दुसऱ्याच वर्षी गरोदर राहिली, आणि आवडूच्या ताटात पडणारे मानाचे माशाचे डोके शेवंतीच्या ताटात पडू लागले. ते डोके शेवंती किती चोखून खाते, हे आवडू रोज पाहत राहिली.

शेवंतीला डोहाळे लागले ते तांबड्या अंड्यांनी भरलेल्या कुर्लीचे. ती आणायचे काम सासूने आवडूवरच सोपवले.

"तुझ्या हाताक गुण आसा. भरलेली हाड."

आवडू गेली आणि टोपलीभर कोवळ्या माद्या घेऊन आली. फोडल्या तर आत पाणचट मांस, अंडे एकही नाही. असे दिवसामागून दिवस झाले.

"इतकी वर्सां कुर्ल्यो धरतंस, नि तुका भरलेली वळखाक येणा नाय?" सासूने विचारले.

"खाडयेत सगळ्यो माझ्यासारख्योच आसत," आवडू म्हणाली. "रिकाम्यो."

ते खोटे होते. डोळे बांधून दिले असते तरी तिने झडप ओळखली असती. रुंद झडपेची मादी हाती आली की ती बिळाशी परत ठेवी आणि कोवळी तेवढी उचली. हे चाळीस दिवस चालले असे सांगतात; चाळीस हा आकडा मला संशयास्पद वाटतो, परिणाम मात्र वाटत नाही. भरलेल्या माद्या अंडी सोडायला समुद्राकडे निघून गेल्या, आणि त्यांच्या मागे वाढणाऱ्या कोवळ्या आवडूने संपवल्या होत्या. सातव्या महिन्यात खाडीतली बिळे ओस पडली. शेवंतीने अन्न टाकले. अपुरे डोहाळे मुलाला बाधतात हा समज खरा नाही; आईचे उपाशी राहणे बाधते, ते खरे आहे.

तेव्हा आवडू घाबरली. मोठ्या ओहोटीला ती एकटीच उतरली आणि दिवसभर शोधून, आताच्या दगडाजवळ, एका बिळाशी पोचली. लोखंडी आकडी आत पुरेना म्हणून तिने हात घातला. आत एक थोराड नर होता. त्याने पोटाखाली एक मादी धरून ठेवली होती. मादी कात टाकून मऊ होईपर्यंत नर तिला असाच कवटाळून बसतो, दुसऱ्या नराला जवळ येऊ देत नाही. त्याने आवडूची दोन बोटे नांगीत धरली. भरती सुरू झाली.

तिला शोधत शेवंती आली आणि अवघडलेल्या पोटानिशी चिखलात उतरली.

"आकडी मार गो बाय, पाणी इला!"

आवडूने चिखल सारून आत पाहिले. मादीची कात नुकतीच गळाली होती. नवी झडप रुंद होती, बोट लावले तर दबेल इतकी मऊ.

"ही एकच रवलीहा. ह्येंका मारलंय तर खाडी वांझ रवतली," ती म्हणाली. "तू जा हयसून. तुझा पोट बघलंय काय माझो जीव जळता."

शेवंती गेली नाही. कमरेइतक्या पाण्यात जावेला मागून धरून उभी राहिली. तेव्हा आवडू नवस बोलली: या काठावरून कोवळी मादी कोणी नेणार नाही. नराने नांगी सैल केली. पाण्याखाली गेलेली कुर्ली पकड सोडतेच, हे कोणतीही कुर्लीवाली सांगेल. तरी इथे नवसाचेच नाव घेतात.

भरलेली कुर्ली शेवंतीला मिळाली नाही. त्या रात्री मात्र ती आवडूच्या हातची पेज जेवली. पुढे तिला मुलगी झाली. मुलीला पहिल्यांदा थोरल्या जावेनेच घ्यावे असा तिने हट्ट धरला. आवडू दारापर्यंत आली, उंबऱ्यावरून पाहिले आणि काठावर निघून गेली.

"का?" मी अनुसयाबाईंना विचारले.

"नवस बोलली म्हणान जीव जळाचो थांबता काय?" त्या म्हणाल्या.

आजही हा रिवाज दक्षिण तीरावरच पाळतात. समोरच्या तीरावर हाती येईल ती कुर्ली टोपलीत जाते. माद्या सतत धरल्या गेल्या की मोठे होईपर्यंत थांबणाऱ्या संपतात, म्हणून तिथे त्या लवकर, लहान आकारातच वयात याव्यात, अशी अपेक्षा असते. चार हंगाम मी दोन्ही तीरांवर मोजमाप केले. निघाले उलटे. जिथे कोवळीला कोणी हात लावत नाही, त्या आवडूच्या काठावर माद्यांची झडप जवळजवळ बोटभर लहान आकारातच रुंद होते. दोन्हीकडे पाणी तेच आहे, चिखल तोच आहे. कारण सापडलेले नाही.