अजून दोन अंश

एकदा वऱ्हाडातल्या एका आश्रमात सभामंडपाचे बांधकाम चालले होते. गुरुपौर्णिमेपूर्वी मंडप उभा राहायला हवा होता आणि वैशाख तर नुसता आग ओकत होता. वृद्ध आचार्यांनी आरंभीच दंडक घालून दिला होता, की उष्मा बेचाळीस अंशांवर गेला की काम थांबवायचे आणि मजुरी मात्र पूर्ण द्यायची. पण बेचाळीस झाले की नाही, यावरून रोज वाद. मजूर म्हणत, ‘झाले’; मुकादम म्हणे, ‘कुठे झाले?’ मोबाइल दाखवी तो शहराचा आकडा. शेवटी आचार्यांनी शिष्याला हवामानयंत्र आणायचे सुचवले.

शिष्य विद्वान होता, कामसू होता आणि चूक म्हणून त्याला मुळीच खपत नसे. आचार्यांना सोबत घेऊन तो तालुक्याच्या दुकानात गेला. दुकानदाराने दोन यंत्रे मांडली. पडदा खोलीत ठेवायचा, तापमान मोजणारी डबी बाहेर टांगायची, मध्ये तार वगैरे काही नाही. एकाचा पडदा पाटाएवढा आणि रंगीत, पण डबी एकच. दुसऱ्याचा पडदा तळहाताएवढा, डब्या मात्र तीन. शिष्याने दोन्हींची अचूकता विचारली, डबीचा संदेश किती लांबून पोचतो तेही विचारले, आणि आपल्या सर्वांचे होते तेच त्याचेही झाले. हात मोठ्या पडद्याकडे गेला.

“डबी कुठं टांगणार?” आचार्यांनी विचारले.

“आधी यंत्र ठरवू, गुरुजी. जागेचं मग बघता येईल.”

शिष्याने मोठ्या पडद्याच्या यंत्राचे पैसे मोजले.

डबीवर ऊन पडता कामा नये, असे माहितीपत्रकात छापले होते. शिष्याने ते तंतोतंत पाळले. कचेरीमागच्या पडवीत, कडुनिंबाच्या गर्द सावलीत, पाण्याच्या माठांच्या वर त्याने डबी टांगली. पडदा कचेरीत, कूलरसमोर. वाद मिटले. पडदा कधी चाळीस म्हणे, कधी एकेचाळीस, आणि काम चालू राही. मंडप भराभर वर येऊ लागला, तसा शिष्याला आपल्या निवडीचा अभिमान वाटू लागला.

एका दुपारी घमेली वाहणारी भागरथाबाई चालता चालता भेलकांडली. घमेले खाली ठेवून ती कचेरीच्या दाराशी आली.

“भाऊ, डोळ्यापुढं अंधारी येऊन रायली. घडीभर बसू का मी?”

शिष्याने पडद्याकडे पाहिले. “अजून दोन अंश आहेत, बाई,” तो सौजन्याने म्हणाला.

ती मुकाट्याने परत गेली. त्यात काही निष्ठुर झाले असे त्याला वाटले नाही, कारण नियम गुरूंचा होता आणि आकडा यंत्राचा. ओसरीवर बसलेल्या आचार्यांनी मात्र सारे ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी जेवून तो कचेरीत येतो, तर पडद्यावर एकोणपन्नास! यंत्र बिघडले म्हणून तो पडवीत धावला. खिळा रिकामा होता. मग त्याची नजर अंगणापलीकडे गेली. रेतीच्या ढिगाशी भर उन्हात भागरथाबाई घमेले भरत होती आणि तिच्या शेजारी आचार्य उघड्या डोक्याने बसले होते. डबी त्यांच्या मांडीवर होती. ऐंशी ओलांडलेला तो देह घामाने निथळत होता.

शिष्याने छत्री उचलली आणि तो अनवाणीच धावत सुटला.

“गुरुजी, उठा आधी! हे काय मांडलंय? जीव जाईल इथं!”

“कुणाचा?” आचार्यांनी विचारले.

शिष्य थबकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “पण उन्हातला आकडा खरा धरत नाहीत, गुरुजी. डबीला सावली लागते.”

“हवा मोजायची तर लागतच असेल. पण नियम मी हवेसाठी घातला नव्हता, बाळ. माणसं कुठं राबतात ते न बघता तू यंत्र निवडलंस, मग त्यानं तुला तुझ्याच सावलीतलं सांगितलं. काल ही स्वतःच्या तोंडानं सांगत होती, तेव्हा तू पडद्याकडे पाहिलंस. आज मी उन्हात दिसलो, तर पायांत वहाण घालायचंही तुला सुचलं नाही. या धावण्यासाठीच तो नियम होता.”

शिष्याला शरमेने मान वर करवेना. आचार्यांनी त्याच्या हातातली छत्री घेतली, उघडली आणि भागरथाबाईवर धरली. शिष्याने मुकादमाला हाक मारून काम थांबवायला सांगितले.

भागरथाबाई गोंधळून त्याच्याकडे बघू लागली. “भाऊ, झाले का बेचाळीस?”

शिष्याने तिच्या हातातले घमेले घेतले. “माझंच चुकलं, मावशी,” तो म्हणाला. “तुम्ही सावलीत चला.”

दुसऱ्याच दिवशी त्याने मोठ्या पडद्याचे यंत्र दुकानात परत केले आणि तीन डब्यांचे आणले. पडदा लहान वाटेल, असे दुकानदाराने बजावले. शिष्य म्हणाला, वाटू द्या. एक डबी पडवीत राहिली. दुसरी रेतीच्या ढिगाशी आणि तिसरी वर परांचीवर गेली. तरीही दारात कुणी येऊन उभे राहिले, की तो पडद्याकडे पाहण्याआधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहू लागला.

गुरुपौर्णिमेला मंडप अपुराच होता. एका धनिकाने वर उघड्या छताकडे पाहत विचारले, “का हो, काम कशानं राहिलं?”

“ऊन फार होतं,” शिष्य म्हणाला.