इंजिनाची डावी बाजू

"आणि ही बाजू?"

गुरुजींनी विचारलं, आणि शलाकाच्या हातातलं इंजिन पडता पडता वाचलं.

दचकायला तिला कारण लागत नसे. मांजरानं पातेल्यावरचं झाकण पाडलं तरी ती जागच्या जागी उडायची. इथं तर नेमका तोच प्रश्न आला होता, जो कुणी विचारू नये म्हणून ती सगळा रस्ता इंजिनाची उजवी बाजू पुढं धरून चालत आली होती.

"डावी... राहिलीय, गुरुजी."

"राहिलीय, की राहू दिलीस?"

"फोटोच नाही तिचा."

हणमंतगुरुजी गावच्या शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. दिवाळी तोंडावर आली होती, म्हणून ओसरीभर कामट्या पसरून आकाशकंदील बांधत बसले होते. पत्रा कापायला, डाग देऊन जोडायला, रंगाचा हात हलका ठेवायला शलाका त्यांच्याकडंच शिकली. मग ती इंजिनिअरिंग करून आली, आणि गुरुजींच्या बऱ्याच गोष्टी तिला अंदाजपंचे वाटू लागल्या.

इंजिन होतं नऊ नंबरचं. गावच्या छोट्या लाइनीवर धावलेलं, आणि लाइन बंद पडल्यावर भंगारात गेलेलं. शलाकानं त्याची वीतभर लांबीची प्रतिकृती केली होती. उजवीकडं एकेक रिव्हेट जागच्या जागी. डावीकडं नुसता कोरा पत्रा.

"सगळे फोटो उजवीकडचे," ती सांगू लागली. "फलाट एकाच बाजूला होता. आणि इंजिन वळवायची सोय नव्हती, परतीला ते उलटंच धावायचं. म्हणजे फलाटावरनं कायम हीच बाजू दिसणार. मी रेल्वेला लिहिलं, संग्रहालयांना लिहिलं. इंग्लंडातल्या एका आजोबांना लिहिलं, त्यांना म्हणे जुन्या इंजिनांचा नाद आहे. त्यांनी पाठवला, गुरुजी, फोटो... उजव्या बाजूचा."

गुरुजी खुदकन हसले. शलाकाला हसू आलं नाही.

"रविवारी न्यायचंय ते." जुन्या स्टेशनाचं आता वाचनालय होणार होतं आणि उद्घाटनाला नऊ नंबर तिथं काचेत ठेवायचं ठरलं होतं. "पुण्याहून डोंगरेसाहेब येणारेत, प्रतिकृतींचे मोठे जाणकार. भिंग घेऊन बघतात ते. एकाच्या इंजिनाला नुसतं 'खेळणं छान आहे' म्हणाले, तर त्या माणसानं पुन्हा पत्र्याला हात लावला नाही."

"मग डावीही उजवीसारखीच करून टाक. कोण बघायला जातंय?"

"अंदाजानं मी काही करत नाही."

आवाज जरा चढला आणि ती स्वतःच दचकली.

"म्हणजे... कोरी बाजू दाखवायची तर मी नेणारच नाही ते. तुम्हाला तर उन्हाळ्यातच विचारलं होतं, इंजिनाचा फोटो आहे का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात."

"नाहीच आहे," गुरुजी म्हणाले. "तुझे बघू."

तिनं पाकीट दिलं. गुरुजींनी हातातली कामटी खाली ठेवली. एकेक फोटो उजेडाकडं धरला. इंजिन... इंजिन... पुन्हा इंजिन. मधूनमधून ठिगळं लावल्यासारखं.

"स्टेशनावर चिटपाखरू नव्हतं वाटतं."

"होती की माणसं. गावातनंच तर गोळा केले फोटो. कुणाचं वऱ्हाड, कुणाची पाठवणी, शाळेची सहल. सगळे इंजिनापुढं दात काढून उभे. चाकं झाकली जायची. मग मी प्रती काढल्या, माणसं कापली, आणि पडलेली भोकं दुसऱ्या फोटोतल्या तुकड्यांनी बुजवली."

"कापलेली माणसं कुठायत?"

शलाका काही टाकून देत नसे. न जाणो, उद्या लागलं तर. पिशवीच्या तळातून तिनं पेढ्यांचा रिकामा पुडा काढला. गुरुजींनी तो ओसरीवर पालथा केला, तशी कामट्यांच्या मधोमध माणसंच माणसं पडली. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. डोक्यावर ट्रंक घेतलेला कुणी. कुणाचा नुसता फेटा.

"अरे, हा बबन शिंपी," गुरुजी खूश झाले. "केवढं जंगल होतं ह्याच्या डोक्यावर. आता चंद्र उगवलाय. आणि ही... शेवंता. सासरी निघाली होती."

त्यांनी तो तुकडा शलाकापुढं ठेवला. नऊवारीतली एक मुलगी, हातात वळकटी, डोळे सुजलेले. चहूकडं पांढरं.

"आता बघ. कुठंच निघाली नाही."

शलाका बघत राहिली...

गुरुजी गुडघ्यावर हात टेकून उठले. आत गेले. कपाटाचं दार कुरकुरलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर होती.

"नऊ नंबर. डावीकडनं."

शलाका अशी उठली की कामट्या दाही दिशांना उडाल्या.

"तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

"तू इंजिनाचा मागितला होतास."

तिनं कागद सोडला. फोटोत पाठी होत्या. नुसत्या पाठी. फलाटावरच्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्याकडं बघत, ही सगळी पलीकडं तोंड करून दाटीवाटीनं उभी होती. बादल्या, कळश्या, घागरी, कडेवर पोरं. वर वाफेचा ढग आणि ढगातून डोकावणारं धुराडं. चाक नाही, रिव्हेट नाही, पत्र्याचा एक तुकडा नाही.

"नरकचतुर्दशीची सकाळ," गुरुजी म्हणाले. "गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर इंजिनाच्या त्या बाजूचा कढत पाण्याचा नळ सोडायचा. आमच्या आळीत त्या दिवशी आंघोळीच्या पाण्याला चूल पेटायची नाही. अण्णांनी काढलाय हा. आमच्या वडिलांनी."

"पण ह्यात इंजिन कुठंय, गुरुजी?"

गुरुजी विखुरलेल्या कामट्या गोळा करू लागले.

शलाकानं पिशवीतून पट्टी काढली. धुराडं मोजलं. आणखी काही मोजण्यासारखं सापडेना. मग तिला गर्दीत एक बाई दिसली. एकटीच मागं वळलेली, कंबरेवर कळशी, तोंडावर पदर, आणि पदराला न जुमानता चाललेलं हसू. कशाला हसत होती कोण जाणे. वाफेला, पहाटेच्या थंडीला, की शेजारणीच्या फुटक्या बादलीला...

शलाका हसायला लागली. थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, "डोंगरेसाहेब भिंग लावून बघतात हो."

"बघू देत की. हसू चांगलं मोठं दिसेल."

त्यानंतर तिनं इंजिनाला हात लावला नाही. तारेचे सांगाडे केले, त्यावर एमसील लावलं, सुईच्या टोकानं चुण्या काढल्या. रिफिलीचे तुकडे कापून बादल्या केल्या, आईच्या जुन्या माळेतल्या मण्यांच्या कळश्या. हसणारी बाई तीनदा बिघडली. दर वेळी ती रडल्यासारखी व्हायची. शेवटी चेहरा कोरायचा नाद सोडून शलाकानं तिची मान जराशी तिरकी केली, आणि बाई हसली.

रविवारी स्टेशनाच्या दारात गुरुजींचा कंदील लागला. आत टेबलावर नऊ नंबर मांडलं होतं, काच अजून चढवायची होती. डोंगरेसाहेब आले. भिंग काढून उजव्या बाजूवर वाकले. धुराड्यापासून चाकांपर्यंत गेले आणि परत आले.

"वा," ते म्हणाले. "वा."

मग टेबलाला वळसा घालून पलीकडं गेले. शलाका मागोमाग गेली.

पलीकडं आधीच गर्दी होती. टेबलावर पाठमोरी, आणि टेबलाभोवती आळीतल्या बायकांची, खरीखुरी.

"अगं, ही आमची आई. बघ, मलाच घेतलंय कडेवर."

"तू कसली एवढीशी? तू जन्मल्यापासून अशीच आहेस."

"आमच्या कळशीला पोचा होता, तो नाही काढला बाई हिनं."

"पोचा?" शलाका पुढं झाली. "कुठल्या बाजूला?"

"डावीकडं. धाकट्या जावेनं आपटली होती. कबूल करत नाही अजून."

"मी नव्हती आपटली," मागून आवाज आला, आणि सगळ्या जणी हसल्या.

डोंगरेसाहेबांना वाट करून दिली. ते वाकले. भिंग एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर सरकत गेलं आणि हसणाऱ्या बाईपाशी थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं. कापसाची वाफ त्यांच्या श्वासानं हलली.

"माणसं सुरेख आहेत," ते हळूच म्हणाले. "पण... ह्यांच्या मागं इंजिन कसं आहे?"

शलाकानं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी कंदिलाची दोरी सरळ करत होते.

डोंगरेसाहेबांनी भिंग खिशात ठेवलं. त्या बाईला जरासं बाजूला सारून बघावं म्हणून बोट पुढं केलं.

"जपून, साहेब," गुरुजी म्हणाले. "भाजेल..."