तळ्याची बोली

त्या राज्यात पक्ष्यांच्या बोली अनेक होत्या, पण ऐकली जाई ती एकच. तळ्यावर राजहंसांची सत्ता होती आणि दरबारात हंसबोलीच चाले. ती नुसती येऊन भागत नसे. तिच्यात प्रत्येक शब्दाचे सोबती ठरलेले असत. सोबत चुकली की वाक्य परकं ठरे आणि दाराशी डोळे मिटून उभे असलेले बगळे बोलणाऱ्याला हाकलून देत. वाक्य अस्सल वाटलं, तर मात्र ते कोण बोललं हे डोळे उघडून बघायची तसदी ते घेत नसत.

काजळी नावाची कावळी काठावरच्या उंबरात राहत असे. हंसांना ऊन पुरेना, म्हणून त्यांचा प्रधान शुभ्रकंठ यानं तो उंबर पाडायचं ठरवलं. घरट्यात काजळीची अंडी होती. तिनं हंसबोलीचे शब्द एकेक करून घोकले आणि दरबार गाठला.

"सरकार, मी विनंती मारते," ती म्हणाली. "आमच्यावर कृपा लावा. पिलं अजून अंड्यात आहेत."

शब्द सगळे हंसांचेच होते. तरी सभा खो खो हसली.

"कृपा लावा म्हणे," शुभ्रकंठ म्हणाला. "मलम आहे का ते?"

उंबर त्याच दुपारी पडला. अंड्यांचं काय झालं ते सांगायला नकोच.

काजळीला आता सूड उगवायचा होता, आणि तोही त्यांच्याच बोलीत. ती रोज लव्हाळ्यात बसून हंसांचं बोलणं ऐकू लागली. सुटा शब्द ती उचलत नसे. शब्द आवडला की त्याचं अख्खं वाक्य घेई, सोबत्यांसकट. हंस हुकूम सोडत, पहारा बसवत, शिक्षा ठोठावत. ती वाक्यं ती चोचीत घोळवी, त्यातला एखादा शब्द बदलून बघे आणि दुसऱ्या दिवशी हंसांच्या तोंडून पुन्हा ऐकून खात्री करून घेई. विनंतीचं वाक्यही ती शोधत होती. ते कधी कानावर पडलंच नाही, कारण हंसांनी कुणाकडे काही मागितलंच नव्हतं. जे तळ्यात कुणी बोलत नाही, ते चुकलं म्हणून आपली पिलं गेली, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचा राग आणखी भडकला.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी हंस पाण्यावर पेंगत होते. काजळी बगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"तळ्यातून आलेला एकही हुकूम यापुढे पाळायचा नाही," ती म्हणाली. "आणि बांध फोडा."

वाक्यात कुठे खोट नव्हती. म्हाताऱ्या बगळ्यानं मिटल्या डोळ्यांनीच मान झुकवली.

"जशी आज्ञा, सरकार."

बगळ्यांनी चोचींनी बांध उकरला आणि पाणी निघून गेलं. बसून खाऊन जड झालेले हंस उडणं केव्हाच विसरले होते. शुभ्रकंठ छातीपर्यंत चिखलात रुतला. त्यानं हुकूम सोडले, शिक्षा ठोठावल्या. बगळे ढिम्म हलले नाहीत. शेवटी त्यानं काठाकडे पाहिलं. तिथे फक्त काजळी होती. त्यानं चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कोणता शब्द कशाजवळ ठेवावा ते त्याला सुचेना.

काजळी खालच्या दगडावर उतरली आणि मान कलती करून बसली. हंसाच्या तोंडून हे एकच वाक्य ऐकायचं तिचं राहिलं होतं. तिला घाई मुळीच नव्हती.