उपाशी डेलिया

उंबरखडक नावाच्या नगरात सगळं होतं, फक्त माती नव्हती. सगळं नगर एका काळ्या खडकावर उभं. घरं दगडाची, रस्ते पायऱ्यांचे. चिखल म्हणजे काय, हे तिथल्या मुलांना खाली दरीत मामाच्या गावाला गेल्यावरच कळायचं.

म्हणून तिथे एक रीत पडली होती. दरीतून लग्न होऊन येणारी सून माहेरची टोपलीभर माती घेऊन यायची. सासरच्या उंबऱ्याशी ती माती कुंडीत भरायची आणि त्या कुंडीला तिच्याखेरीज कोणी हात लावायचा नाही. सासू कितीही खाष्ट असो, कुंडी सुनेची. बायका तीत ओवा लावत, मिरची लावत, हौस असली तर झेंडू लावत.

राणी उमाराजेही अशीच माती घेऊन आलेली सून. तिच्या माहेरी डेलियाचे ताटवे होते. ताटाएवढी फुलं आणि माणसाहून उंच झाडं! राणीने हौसेने डेलियाचा कंद आपल्या कुंडीत लावला. झाड सरसर वाढलं, वाऱ्याने वाकलं आणि फुलण्याआधीच कुंडीसकट पायऱ्यांवरून गडगडत खाली गेलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. राणी झाली म्हणून काय झालं, वारा काही मुजरा करत नाही.

शेवटी राणीने दवंडी पिटवली. ‘सुनेच्या कुंडीत मावेल आणि तिथेच फुलेल असा डेलिया जो तयार करील, त्याला दरीतली नदीकाठची वाडी कायमची इनाम.’

दवंडी ऐकून सगळं नगर खूश झालं. कौतिका माळीण मात्र धास्तावली.

कारण ती वाडी दरबारची असली, तरी कसत होती कौतिका. लग्न होऊन ती त्या वाडीत आली, तिथेच डेलियांच्या वाफ्यांत तिचे केस पांढरे झाले. दुसऱ्या कोणी इनाम जिंकलं की तिला आणि तिच्या नवऱ्याला, सावळारामाला, बिऱ्हाड उचलावं लागणार होतं. फुलांचे व्यापारी रेवणशेट तर आताच कुंपणाशी येऊन विहिरीला पाणी किती, याची चौकशी करून गेले होते.

‘‘वाडी राखायची तर फूल आपणच करायचं,’’ कौतिका नवऱ्याला म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली.

डेलियाचं एक आहे. कंद लावला तर आईसारखंच झाड येतं. बी पेरलं तर काय येईल, ते त्या बीलाही ठाऊक नसतं. आणि नवीन जात हवी तर बी पेरण्यावाचून गत्यंतर नाही. कौतिकाने वाडीतलं एक ठेंगणं, पिवळ्या फुलांचं, कोणी ढुंकूनही न पाहिलेलं झाड निवडलं. उंच लाल डेलियाचे पराग कापसाच्या वातीने टिपून तिने त्या पिवळ्या फुलांवर ठेवले. मग मधमाश्यांनी लुडबूड करू नये म्हणून त्या फुलांना मलमलीच्या पुरचुंड्या बांधल्या. सावळाराम हसून म्हणाला, ‘‘फुलांना कानटोप्या घातल्यास की काय?’’

बी धरलं. वाळलं. झाड कुंडीसाठी हवं म्हणून कौतिकाने ते कुंड्यांतच पेरलं, कुंड्यांतच वाढवलं. सगळी रोपं बुटकी राहिली. तिला आनंद झाला. त्यांतलं सगळ्यांत देखणं फूल तिने ठेवलं. गर्द लाल पाकळ्या आणि टोकांना पांढरी किनार. बाकीची रोपं तिने उपटून खड्ड्यात टाकली. निवडलेल्या झाडाचे कंद पुढच्या वर्षी पुन्हा कुंड्यांत लावले. पुन्हा झाडं गुडघ्याएवढीच राहिली आणि तशीच फुलली.

‘‘जिंकलीस गं, कौतिके!’’ सावळाराम म्हणाला. त्याने दाराला नवं तोरणही बांधून टाकलं.

रथसप्तमीला फुलं दरबारात न्यायची होती. आदल्या दिवशी कौतिका कुंड्या गोळा करत होती. विहिरीमागे एक कुंडी विसरून राहिली होती. ती तिथे गेली आणि जागीच थबकली. तिथलं झाड तिच्याहून उंच होतं. बारीक, लांबुडकं, वर कुठेतरी एक कळी.

तिने कुंडी उचलायला हात घातला. कुंडी हलेना. तिने दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा खालून तडतड आवाज झाला. कुंडीच्या बुडाला पाणी जायला भोक असतं, त्या भोकातून मुळं बाहेर पडली होती आणि खालच्या काळ्या जमिनीत खोल गेली होती.

 कौतिकाला आपली चूक कळली. कुंडीसाठीचं झाड म्हणून ती ते कुंडीतच पारखत राहिली होती. एवढ्याशा मातीत तर सगळीच झाडं बुटकी राहतात. जन्माचं बुटकं कोण आणि उपासमारीने बुटकं कोण, हे तिला कळलंच नव्हतं. कदाचित जे खरं बुटकं होतं, ते तिने आपल्याच हाताने उपटून खड्ड्यात टाकलं होतं.

सावळारामाने सगळं ऐकून घेतलं. मग तो हळूच म्हणाला, ‘‘अगं, वर खडकावर जमीन आहेच कुठे? कुंडीचं झाड कुंडीतच राहील. कोणाला कळणार आहे?’’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कौतिकाला ते पटावंसंही वाटत होतं. वाडी जाण्याच्या कल्पनेने तिला रडू येत होतं. पण तिला खडकावरच्या सुना दिसत होत्या.

‘‘माहेरच्या मातीतलं झाड आहे हो ते,’’ ती म्हणाली. ‘‘त्या काय त्याला उपाशी ठेवतील? शेणखत घालतील, तांदळाचं धुवण घालतील, कुंडी मोठी करतील. मग ते माजेल आणि वाऱ्याने पडेल. जी सून जास्त माया करील, तिचंच आधी पडेल.’’

 सावळारामाने उठून दाराचं तोरण सोडून ठेवलं.

रथसप्तमीला दरबार भरला. रेवणशेटांच्या कुंड्या रांगेत मांडल्या होत्या. ठेंगणी झाडं, गुलाबी फुलं, कुंड्यांना गेरू, वर चुन्याची नक्षी. कौतिकाची लाल फुलं त्यांच्याहून कितीतरी देखणी होती. राणी सरळ तिच्या कुंडीपाशी आली आणि पाकळीला बोट लावणार, तोच कौतिका म्हणाली, ‘‘राणीसाहेब, हात लावू नका. हे झाड बुटकं नाही. उपाशी आहे.’’

 कौतिकाने विहिरीमागची हकिकत जशीच्या तशी सांगितली. तिने काही गाळलं नाही.

राणीचा चेहरा उतरला. तिने इतकी वर्षं त्या फुलाची वाट पाहिली होती. मग ती रेवणशेटांकडे वळली. ‘‘शेटजी, तुमची झाडं?’’

‘‘माझी जातच बुटकी आहे, राणीसाहेब,’’ रेवणशेट छाती पुढे काढून म्हणाले. झाडांची मुळं त्यांनी छाटून ठेवली होती आणि पाणी तोडून तोडून घातलं होतं, पण ते बोलायची काय गरज?

‘‘मग काळजीच मिटली,’’ राणी म्हणाली. ‘‘तुमची झाडं वाडीच्या मोकळ्या जमिनीत लावा. कौतिका, तूही नवी रोपं तिथेच कर. वाडीच्या मधोमध बांध घाला. खत-पाणी दरबारातून येईल आणि कोणीही हात आखडता घेणार नाही. दोन हिवाळे गेले की मी स्वतः खाली येईन. मातीत पाय पसरायला मिळूनही जे बुटकं राहील, ते खरं. तेव्हाही तुझं फूल नसेल, तर वाडी शेटजींची.’’

कौतिका घरी आली आणि तिने साठवणीतलं उरलंसुरलं बी बाहेर काढलं. या वेळी तिने कुंड्यांना शिवलंच नाही. काळीभोर माती खणली, पाटीभर-पाटीभर शेणखत घातलं आणि बी मोकळ्या वाफ्यांत पेरलं. रोपं आनंदाने वाढली. गुडघ्याला आली, कमरेला आली, खांद्याला आली. सावळाराम रोज सकाळी वाफ्याच्या टोकाला उभा राहायचा आणि उसासा टाकून परत यायचा. बांधापलीकडे रेवणशेटांची छाटलेली झाडंही मोकळ्या जमिनीचं खाऊन तरारली होती. शेटजींनी माणसं लावून त्यांचे शेंडे खुडायला सुरुवात केली. जितके शेंडे खुडले, तितके फाटे फुटले.

थंडी पडली. कौतिकाचा वाफा फुलांनी भरला आणि सगळी फुलं डोक्याच्या वर! वाडीत येणारा जो तो मान वर करून पाहायचा आणि ‘वा!’ म्हणून जायचा. ती ‘वा’ कौतिकाला सुरीसारखी लागायची.

एके दिवशी गवत काढायला ती वाफ्यात ओणवी झाली. उंच झाडांच्या पायाशी, दाट सावलीत, तिला काहीतरी लाल दिसलं. वाटलं, गळलेली पाकळी असेल. तिने पानं बाजूला सारली.

एक झाड होतं. जेमतेम गुडघ्याएवढं. खोड अंगठ्यासारखं जाड, पानं हिरवीगार, कुठेही उपासमारीची खूण नाही. आणि त्याच्यावर एक फूल उमललेलं, एक अर्धं मिटलेलं, बाकी कळ्याच कळ्या. गर्द लाल, मधोमध पिवळी झाक. चहूकडे खताची रेलचेल, शेजारीपाजारी आभाळाला टेकायला निघालेले, आणि हे आपलं जमिनीजवळ निवांत फुलत बसलेलं.

‘‘अहो, इकडे या!’’ कौतिकाने अशी हाक मारली की सावळाराम विहिरीवरून घागर टाकून धावत आला. त्याने वर पाहिलं.

‘‘वर नाही हो,’’ ती म्हणाली. ‘‘खाली बघा.’’

ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. सावळारामाने तिथेच चिखलात बसकण मारली आणि त्या झाडाला हात जोडले.

पण एकदा पोळलेली बाई आता घाई करणार नव्हती. हिवाळा सरल्यावर तिने त्या झाडाचे कंद काढून राखेत जपले. पुढच्या हंगामात त्या कंदांना फुटलेले कोंब कापून तिने त्यांची रोपं केली. काही मोकळ्या जमिनीत लावली, काही मोठ्या कुंड्यांत, काही अगदी लहान कुंड्यांत. सगळ्यांना पोटभर खाऊ घातलं. मग ती रोज त्यांच्यापाशी जाऊन उभी राहायची आणि झाड आपल्या गुडघ्याशी मापायची. झाडं गुडघ्याशी आली आणि थांबली. जमिनीतली थांबली, कुंडीतलीही थांबली. मग ती फुलू लागली.

दुसरा हिवाळा सरत आला, रथसप्तमी आली. राणी उमाराजे पायऱ्या उतरून वाडीत आली आणि तिच्यामागे सगळं नगर आलं. आदल्या दिवशीच नदीवरून जोराचा वारा सुटला होता. बांधापलीकडे रेवणशेटांची उंच झाडं आधाराच्या काठ्यांसकट आडवी झाली होती. शेटजी पागोटं सावरत म्हणाले, ‘‘खत जरा जास्तच झालं, राणीसाहेब.’’

‘‘खत दोन्हीकडे सारखंच होतं, शेटजी,’’ राणी म्हणाली आणि पुढे गेली.

बांधाअलीकडे कौतिकाचा वाफा होता. त्याच मातीत, त्याच वाऱ्यात, गुडघ्याएवढी झाडं ताठ उभी होती. टोकापासून टोकापर्यंत लाल फुलंच फुलं.  गर्दीतल्या एका सुनेने टाळी वाजवली आणि सगळी वाडी टाळ्यांनी दुमदुमली. सावळाराम तर इतका जोरात ओरडला की झाडावरचे पक्षी उडाले.

राणी वाफ्यात गुडघ्यांवर बसली. माहेर सोडल्यापासून ती मातीत बसली नव्हती. एक फूल ओंजळीत घेऊन तिने विचारलं, ‘‘कौतिका, या जातीचं नाव काय?’’

दिवाणजी पुढे सरसावले. त्यांच्या मनात ‘उमाराजप्रसाद’ असं भारदस्त नाव तयार होतं. पण कौतिका आधीच बोलून गेली.

‘‘पोटभर,’’ ती म्हणाली. ‘‘पोटभर खातं आणि आपल्या मापात राहतं.’’

राणी खळखळून हसली. ‘‘हेच नाव राहील,’’ ती म्हणाली. ‘‘आणि वाडी तुझी. तुझी आणि तुझ्या लेकरांची.’’

कौतिकाने पदर डोळ्यांना लावला. मग तिने कुंड्या वाटायला सुरुवात केली. प्रत्येक सुनेला एक रोप, वर एकच सूचना, ‘‘हवं तेवढं खायला घाला, भिऊ नका.’’ त्या वर्षी उंबरखडकाच्या पायऱ्या खालपासून वरपर्यंत लाल झाल्या आणि राणीच्या माहेरच्या मातीतला डेलिया पहिल्यांदाच फुलला. वारा आला, सगळ्या कुंड्यांवरून फिरून गेला. एकही पडली नाही.

सगळ्यांत शेवटी रेवणशेट आले. मान खाली घालून त्यांनी विचारलं, ‘‘मला मिळेल का एक?’’

कौतिकाने त्यातल्या त्यात चांगलं रोप निवडून त्यांच्या हातात ठेवलं. ‘‘घ्या की, शेटजी,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त याला पाणी तोडू नका.’’

तात्पर्य: टंचाईत जो आवर दिसतो, तो गुणच असेल असं नाही, भरपूर मिळूनही जो आपल्या मापात राहतो, तोच खरा. आणि आपल्या कामाची अशी पारख आधी आपणच करावी, मग ते जगापुढे मांडायला भीती उरत नाही.