हद्दीची पाटी

"उपटली महाराष्ट्रात, ठोकली तेलंगणात. मग सांगा बाबा, मला धरायचं कुणी?"

मी विचारलं आणि मीच हसलो.

दादूशा बाबा गोधडी शिवायले होते. फकीर माणूस. हद्दीवरच्या लिंबाखाली त्यांची कुडाची झोपडी. नववीत मी शाळा सोडली का शाळेनं मला सोडलं, ते अजून ठरलं नाही, पण तेव्हापासून मी बाबांचा चेला. म्हणजे असं मी गावात सांगतो. बाबा कधी हो म्हणले नाहीत. हाकललं पण नाही.

"काय उपटलंस?"

"पाटी. 'महाराष्ट्र राज्याची हद्द समाप्त.' ट्रकनं ठोकर दिल्यापासून खांब हलतच होता. सकाळी उपटला आन् दोनशे पावलं पुढं नेऊन ठोकला. दोनशे पावलं राज्य वाढवलं बाबा मी! कुण्या मंत्र्याला जमलं का आजवर?"

बाबांनी दातानं दोरा तोडला.

"मग?"

"मग काय, लई मजा! तिकडचे पोलीस हेल्मेट नसलं की सोडत नाहीत. म्हणून मोटारसायकलवाले पाटी दिसली की हेल्मेट घालतात. आज सगळे दोनशे पावलं उशिरा घालायले. एकाला धरलंच. तो म्हणतो, साहेब मी अजून महाराष्ट्रात आहे. पोलीस म्हणतो, मग मी काय तुझ्या घरी आलोय का?"

मी पोट धरून हसलो. बाबा हसले नाहीत.

"मग?"

"मग... लच्चम्माला नेलं."

सुई थांबली.

"मी नाही नेलं. आपल्या नाक्यावर नवा जमादार आलाय, त्यानं नेलं."

लच्चम्मा म्हणजे हद्दीच्या पल्याडची म्हातारी. तिची चार शिंदीची झाडं. झाडाला मडकं बांधायचं, सकाळी उतरवायचं, झाडाखाली बसून शिंदी विकायची. आज त्या झाडांच्याही पुढं पाटी. जमादारानं बघितलं, महाराष्ट्रात उघड्यावर शिंदी. उचललं मडक्यांसकट.

"तिच्याकडं कागद आहे," बाबा म्हणले.

"तेलंगणाचा आहे. आपल्याकडं चालत नाही." मी वकिलासारखं बोट नाचवलं. "तेच झाड, तीच शिंदी. पाटीच्या तिकडं धंदा, इकडं गुन्हा."

"आता?"

"नाक्यावर बसवलंय. उद्या तालुक्याला कोर्टात नेणार म्हणतात."

"आणि तुला?"

"तेच तर विचारायलोय! इकडचा म्हणणार, गुन्हा तिकडं झाला. तिकडचा म्हणणार, पाटी इकडची. मी मधल्या मधी मोकळा."

बाबांनी सुई गोधडीत खोचली.

"हुशार आहेस," ते म्हणले. माझी छाती फुगली. "चल, ती पाटी परत उपट, खांद्यावर घे."

लोखंडी खांब, वर पत्रा. सकाळी मस्तीत उचलला तेव्हा कळलं नव्हतं. आता खांदा सोलून निघायला लागला. बाबा मागून काठी टेकत येत होते. शिंदीची झाडं आली. खाली कुणी नव्हतं. माश्या होत्या फक्त.

जुना खड्डा दिसला तसा माझ्या जिवात जीव आला.

"थांब," बाबा म्हणले. "अजून एक पाऊल टाक."

टाकलं.

"आता कुठं आलास?"

"महाराष्ट्रात."

"हलकी झाली?"

"काय?"

"पाटी."

मी वाकून खांब खड्ड्यात सोडायला गेलो, तर बाबांनी खड्ड्यावर पाय ठेवला.

"इथं नाही. पुढं चल."

पुढं म्हणजे नाका. एक किलोमीटर. पळून जावं असं चारदा वाटलं. पण पाटी घेऊन पळता येत नाही, आन् टाकून पळावं तर मागं बाबा.

नाक्यावर लच्चम्मा बाकड्याच्या टोकाला बसलेली. पायाशी मडकी. जमादार वैतागलेला.

"या बाबा, तुम्हीच सांगा हिला! ही म्हणते जागा तेलंगणाची. बरं, म्हणलं, मग पाटी कुणी हलवली? साधा प्रश्न. तर सकाळपासून एकच, गाली, गाली! मी हिला अजून एक वाकडा शब्द बोललो नाही, अन् ही मला गाली देते म्हणते!"

"गाली म्हणजे वारा, साहेब," बाबा म्हणले. "तेलुगूत."

"वारा?"

"वाऱ्यानं गेली म्हणते पाटी."

जमादारानं माझ्या खांद्यावरचा आठ फुटी खांब बघितला. मग आभाळ बघितलं. नाक्यावरच्या लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

मी लच्चम्माकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

सकाळी मी खांब उपटत होतो तेव्हा ती झाडाखालीच होती. तिनं बघितलं होतं मला. मी तिला दात पण दाखवले होते. माझं नाव तिला ठाऊक. भुजंग, एवढं एक नाव घेतलं असतं तर दुपारी घरी जाऊन जेवली असती.

वारा म्हणली.

"वारा नाही साहेब," मी म्हणलो. आवाज माझाच होता, पण फाटका. "मी."

जमादारानं वही उघडली.

"कुठून काढलीस?"

"महाराष्ट्रातून."

"ठोकली कुठं?"

"तेलंगणात."

त्यानं लिहायला घेतलं. खोडलं. परत घेतलं. पेन कानात घातलं.

"आयला... हे दोन ठाण्यांचं काम. दोन पंचनामे. एक तेलुगूत." त्यानं वही मिटली, उठला आन् माझ्या पाठीत असा धपाटा घातला की पाटी खांद्यावरून उडाली. "हा महाराष्ट्राकडून! तेलंगणाचा तिकडं जाऊन घे!"

मग लच्चम्माची मडकी त्यानं स्वतः उचलून बाहेर ठेवली. "माफी असावी, आजी," म्हणला. आजी तिला कळलं.

सुटलो. मी म्हणलं होतं तसाच सुटलो. तरी पाटी परत खांद्यावर घेतली तेव्हा काही हलकी झाली नाही.

खड्ड्यापाशी आलो. मी खांब उभा धरला. लच्चम्मा खाली बसली आन् स्वतःच्या हातानं एकेक दगड बुडाशी ठासायला लागली. मला तिचे पाय धरायचे होते, पण हातात खांब. तेलुगूत उपकार मानायला काय म्हणतात ते मला येत नाही. शिव्या सगळ्या येतात.

काम झालं. ती उठली. मातीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला, केस जरा जोरातच ओढले, आन् म्हणली,

"पोरा!"

मडकी डोक्यावर घेतली आन् गेली. वळून बघितलं नाही.

मी तसाच उभा. पोरा म्हणजे आपल्याकडं लेकरा, बाळा. अन् तिच्या तेलुगूत पोरा म्हणजे चालता हो, तोंड काळं कर.

"बाबा... कुठलं म्हणली ती?"

बाबा काठी टेकत निघाले होते. थांबले.

"तू कुठं उभा होतास?"

"पाटीपाशी. हद्दीवर. एक पाय इकडं, एक तिकडं."

"मग दोन्ही घे, बेटा."