मालकाचा रकाना

एकदा एका नगरात एक वृद्ध गृहस्थ राहत असत. इतरांची घरे सांभाळणे हा त्यांचा व्यवसाय. घरे ज्यांची होती ते दूरदेशी नोकऱ्या करीत, घरांत भाडेकरू राहत, आणि अधूनमधून तिथे जाऊन भिंतीला ओल आली आहे का, नळ गळतो आहे का, गॅलरीत कोणी कोंबड्या तर पाळल्या नाहीत ना, हे पाहून मालकांना कळवण्याचे काम या वृद्धाकडे होते. सारे नगर त्यांना आप्पा म्हणे.

आप्पांकडे एक शिष्या काम शिकायला आली. कॉम्प्युटरची पदवी नुकतीच घेतलेली, आणि स्वभावाने कढईतल्या मोहरीसारखी. तिला दोन शब्दांचा विलक्षण राग होता, 'बाळ' आणि 'सावकाश'. आप्पा दिवसभर हेच दोन शब्द बोलत.

एके दिवशी घरमालकांनी मिळून निरोप धाडला. यापुढे तपासणीचे अहवाल फोटोंसह मोबाइलवर हवेत. रविवारपर्यंत आले नाहीत, तर घरे बाजारपेठेतल्या दुसऱ्या कार्यालयाकडे जातील.

आप्पांचा चेहरा उतरला. शिष्येचा उजळला.

"त्याचं सॉफ्टवेअर असतं, आप्पा. सगळ्या घरांची एक एक्सेल फाइल करायची आणि ती त्यात इम्पोर्ट करायची. घरं एका दमात आत. मग तपासणीची सूचना, फोटो, अहवाल, ज्याचं त्याला आपोआप जातं."

"ज्याचं त्याला?" आप्पांनी विचारले.

"ज्याचं त्याला!"

आता फाइल करायची तर माहिती हवी, आणि माहिती सगळी आप्पांच्या डोक्यात. ती तिथून काढणे सोपे नव्हते. वैद्यांच्या घराविषयी विचारले, की आप्पा वैद्यांच्या आजोबांच्या लग्नातल्या जिलबीपर्यंत जात आणि तिथेच रमत. शेवटी शिष्येने फोन उचलला आणि एकेका घरी स्वतःच विचारले: भाडेकरूचं नाव? मालकांचं नाव? त्यांचा मोबाइल नंबर? दुपारची वेळ होती, बहुतेक घरांत बायकांनीच फोन घेतले आणि भराभर उत्तरे दिली. संध्याकाळच्या आत फाइल तयार.

"बाळ, आधी एकच ओळ घाल," आप्पा म्हणाले. "माझ्याच घराची घाल. वरची खोली भाड्याने दिलीच आहे. चुकलं तर भांडण घरातल्या घरात राहील."

"एकेकच ओळ घालायची तर इम्पोर्ट कशाला हवं? हातानेच लिहीत बसू की!"

"सावकाश—"

तिने बटण दाबले. यंत्राने नम्रपणे विचारले, 'तुमचा मालक हा रकाना माझ्या मालक या रकान्यात घेऊ ना?' शिष्येने न वाचताच होकार दिला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. तिने आप्पांकडे असे पाहिले, की आप्पांनी चष्मा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन खणखणू लागले.

पहिला फोन सिंधू खराडे यांचा. "अहो मॅडम, तुम्ही आमच्या ह्यांना काय पाठवलंय? 'आपल्या घराची तपासणी होणार आहे. भाडेकरूने घर नीट न ठेवल्यास तिला घर रिकामे करण्यास सांगण्याचा अधिकार आपणास आहे.' सकाळपासून माणूस कपाटावरून बोट फिरवतोय! चहा मागितला तर म्हणतो, आधी अहवाल येऊ दे!"

दुसरा फोन एका पुरुषाचा, अगदी दबक्या आवाजात. "ताई, मला मालक कोणी केलं? काढून टाका हो. हिने वाचलं तर मलाच घर रिकामं करावं लागेल."

पाठोपाठ फोन येत राहिले. शिष्येने फाइल उघडली. घरोघर मालकाच्या रकान्यात भाडेकरीण बाईंचा नवराच बसला होता. खरे मालक फाइलमध्ये कुठे नव्हतेच, म्हणजे अहवाल काढले तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हते. रविवार मात्र तोंडावर आला होता.

"सॉफ्टवेअरच टाकाऊ आहे," ती म्हणाली.

आप्पा फाइलकडे पाहत होते. "भाडेकरू खराडे, मालकही खराडे. भाडेकरू माळवदे, मालक माळवदे. हे तुला खटकलं नाही?"

"मला वाटलं, भावकीत दिलं असेल."

आप्पांनी पायांत चपला सरकवल्या. "चल."

"कुठे? आप्पा, वेळ नाहीये! फाइल नव्याने करायचीय!"

आप्पा चालू लागले. शिष्या मनात नाही नाही ते बोलत मागून निघाली. म्हातारी माणसे संकटातच फिरायला का निघतात, हे कोडे तिला बालपणापासून सुटलेले नव्हते.

आप्पांनी खराड्यांचे दार वाजवले. सिंधूबाईंनी उघडले.

"मालक आहेत का?" आप्पांनी विचारले.

"दळण आणायला गेलेत. बसा की."

शिष्येने कपाळावर हात मारला. आप्पांनी पुढचा प्रश्न केला, "घर कोणाचं हे?"

"माझं!" सिंधूबाई ठसक्यात म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचं असणार? त्यांना साखरेचा डबा कुठाय तेसुद्धा माहीत नाही."

"बरं. नळ गळायला लागला तर फोन कोणाला करता?"

"वैद्यबाईंना, बंगळूरला. पण त्या मेल्या उचलतील तर ना!"

आप्पांनी नमस्कार केला आणि जिना उतरायला लागले. खाली आल्यावर ते थांबले.

"यंत्राचा अपराध नाही, बाळ. त्याने शब्दाला शब्द जुळवला, आणि ते त्याचं काम त्याने चोख केलं. तुझ्या घरी नवऱ्याला अहो म्हणतात, इथल्या बायका मालक म्हणतात. तू रकान्याचं नाव विचारलंस. रकाना कशासाठी आहे, ते विचारायला हवं होतं. शब्द हा मोठा विलक्षण प्रवासी आहे, प्रत्येक उंबरठ्यावर तो—"

"आप्पा, थोडक्यात."

"नळाचं विचार."

शिष्या म्हणाली, "पटलं. चूक माझी. पण तुम्ही शब्दाला प्रवासी म्हणून सोडून देताय. एका बाईने आपल्या नवऱ्याला मालक म्हणायचं, आणि त्याने एक मेसेज आला की लगेच कपाटावरून बोट फिरवायचं! हा काय नुसता रकान्याचा घोटाळा आहे?"

"तो जगाचा घोटाळा आहे," आप्पा म्हणाले. "त्याला रविवारची मुदत नाही. आपल्याला आहे."

शिष्येला हे अजिबात आवडले नाही. पण परतल्यावर तिने पुन्हा घरोघर फोन केले आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न विचारला. नळ म्हणताच खऱ्या मालकांची नावे त्यांच्या नंबरांसकट आणि शेलक्या विशेषणांसकट बाहेर पडली. विशेषणे वगळून तिने सगळे टिपून घेतले.

बटण दाबण्यापूर्वी मात्र तिचा हात थांबला. आप्पांकडे न पाहताच ती म्हणाली, "आधी एकच ओळ घालते. तुमच्या घराची. बोला. भाडेकरू?"

"वरच्या खोलीतला तो बँकेतला, पेंढारकर."

"मालक?"

"मी," आप्पा सहज म्हणाले.

शिष्येने मान वर केली. "पेंढारकरांचा नळ गळला तर ते कोणाला सांगतात?"

आप्पांनी मागे वळून पाहिले. आतल्या खोलीतून भांडी लावल्याचा आवाज येत होता. 

"हिला," ते म्हणाले.

"घर कोणाच्या नावावर आहे?"

"हिच्याच. तिच्या वडिलांनी तिला दिलेलं." आप्पांनी चष्मा काढून हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "तिचं नाव टाइप कर. कावेरी. नंबरही तिचाच घाल."

तिने केले. यंत्राने पुन्हा तेच विचारले, 'तुमचा मालक हा रकाना माझ्या मालक या रकान्यात घेऊ ना?' या वेळी तिने ते दोनदा वाचले, आणि मग होकार दिला. ओळ जिथे बसायची तिथे बसली. मागून बाकीची घरे गेली. रविवारी अहवाल निघाले आणि ज्याचे त्याला पोचले. वैद्यबाईंनी तर चक्क फोन उचलला.

पण ते नंतरचे. त्या दिवशी ती पहिली ओळ आत जाताच आतल्या खोलीत एक मोबाइल वाजला. भांडी थांबली. 

"अहो!" काकूंचा आवाज आला. "मला मेसेज आलाय, माझ्या घराची तपासणी आहे म्हणे! वरचा नळ दिवाळीपासून गळतोय. यंत्राला काळजी पडली, तुम्हाला कधी पडायची?"

आप्पांनी खणातून पान्हा काढला आणि जिन्याकडे निघाले.

"जिना ओला आहे, आप्पा," शिष्या म्हणाली. "सावकाश."